प्रमाणपत्राविना इंग्रजी शिकवायला परदेशी: जपान की थायलंड?

पदवी हाती आहे, पण बी.एड. केलेले नाही आणि सेल्टा किंवा टेफलसारखा इंग्रजी अध्यापनाचा अभ्यासक्रमही केलेला नाही. अशा स्थितीत परदेशात इंग्रजी शिकवण्याचे काम मिळेल का, असे विचारणाऱ्यांसाठी ही तुलना लिहीत आहे. काम मिळू शकते. मात्र या विषयावर उपलब्ध असलेली बरीचशी माहिती अमेरिकी, ब्रिटिश किंवा ऑस्ट्रेलियन नागरिक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते आणि तिच्या भरवशावर भारतीय पदवीधराने बेत आखला तर तो व्हिसाच्या पहिल्याच अटीपाशी अडतो. आपल्या बाबतीत प्रमाणपत्राच्याही आधी दोन गोष्टी पाहिल्या जातात: पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे आणि शालेय शिक्षण कोणत्या माध्यमातून झाले आहे.

ज्या देशांची नावे वारंवार ऐकू येतात, त्यांपैकी काही येथेच बाजूला ठेवतो. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा ई-२ व्हिसा मुख्यत्वे सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांना मिळतो. २०१० पासून अमलात असलेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारामुळे भारतीयांनाही वाट खुली झाली, पण तिच्यासाठी शिक्षकी पात्रता असावीच लागते. चीनमध्ये भाषाशिक्षक हा ती भाषा मातृभाषा असलेल्या देशाचा नागरिक असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. शिवाय जुलै २०२१ मध्ये तेथील सरकारने खासगी शिकवण्यांवर कठोर निर्बंध आणले. व्हिएतनाममध्ये पदवीच्या जोडीला अध्यापनाचे प्रमाणपत्र मागतात. आखाती देशांतील भारतीय शाळांना बी.एड. झालेले शिक्षक हवे असतात. त्यामुळे विनाप्रमाणपत्र भारतीय पदवीधराने गांभीर्याने विचार करावा असे माझ्या मते दोनच देश उरतात.

जपानमध्ये प्रमाणपत्राची अट नसण्यामागे तेथील वर्गाची रचना आहे. सरकारी शाळेत परदेशी व्यक्ती सहायक भाषाशिक्षक म्हणून काम करते. वर्गाची जबाबदारी परवानाधारक जपानी शिक्षकाकडे असते आणि उच्चार, संवाद, खेळ यांसाठी सहायकाची मदत घेतली जाते. २०२० पासून प्राथमिक शाळेच्या पाचवी-सहावीत परदेशी भाषा हा रीतसर विषय झाला आहे. सहायकांची नेमणूक प्रामुख्याने दोन मार्गांनी होते. पहिला मार्ग म्हणजे १९८७ पासून चालू असलेला सरकारी जेट कार्यक्रम. त्याला कोणत्याही शाखेची पदवी चालते, जाण्यायेण्याचे विमानभाडे मिळते आणि एप्रिल २०२५ पासून पहिल्या वर्षाचे वेतन सुमारे ४० लाख २० हजार येन झाले आहे. एक-एक वर्षाचा करार जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढवता येतो. भारतातून होणारी निवड मात्र फार थोड्यांची असते, म्हणून केवळ याच मार्गावर विसंबून राहू नये. दुसरा मार्ग शाळांना शिक्षक पुरवणाऱ्या खासगी कंपन्यांचा. तेथे प्रवेश त्या मानाने सोपा असतो, पण पगार जेटपेक्षा बराच कमी असतो, विमानभाडे बहुधा स्वतःचे असते आणि सुट्ट्यांच्या महिन्यांत पगाराला कात्री लावणारे करारही असतात. ‘मासिक पगार’ या शब्दावर न थांबता ऑगस्ट आणि मार्च महिन्यांत नेमकी किती रक्कम हाती येईल, हे करारात शोधावे.

मराठी वाचकासाठी सर्वांत महत्त्वाची अट यापुढे आहे. जपानी शाळांत परदेशी भाषा शिकवण्यासाठी जो ‘शिक्षक’ प्रवर्गाचा व्हिसा लागतो, त्यासाठी त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षे शिक्षण झालेले असावे लागते. पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्याची ही अट बारावीतच पुरी होते. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकून पाचवीला इंग्रजी माध्यमात गेलेल्याची बारावीपर्यंत ८ आणि पदवीची ३ अशी ११ वर्षे होतात. पदवी चार वर्षांची असेल किंवा पदव्युत्तर शिक्षण झाले असेल तरच हिशेब जुळू शकतो. सेमी-इंग्रजीची वर्षे धरली जातील, असे गृहीत धरू नये. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाचे इंग्रजी कितीही उत्तम असले तरी हे दार त्याला बंद राहते, आणि मला हे मनापासून अन्यायाचे वाटते. पण नियम तसा आहे आणि तो आधी कळलेला बरा. अशा अर्जदारासाठी एइकाइवा, म्हणजे खासगी संभाषणवर्ग, हा पर्याय उरतो. त्यांचा व्हिसा वेगळ्या प्रवर्गातला असून भाषा शिकवण्यासाठी पदवीधराला पूर्वानुभवाच्या अटीतून सूट आहे आणि १२ वर्षांची ही अट त्या प्रवर्गाच्या नियमात लिहिलेली नाही. तरीही संस्थेची पसंती आपल्याला कमवावी लागते.

थायलंड शालेय माध्यमाचा हिशेब अशा रीतीने मांडत नाही. पदवी हवी, पोलीस पडताळणीचा दाखला हवा आणि भारतीयांना बिगर-मातृभाषक धरले जात असल्याने टोईक किंवा आयईएलटीएससारख्या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दाखवावे लागतात. शाळेत शिकवण्यासाठी ‘खुरुसफा’ या शिक्षक परिषदेचा परवाना कायद्याने आवश्यक आहे, पण तो नसलेल्या शिक्षकासाठी शाळा दोन वर्षांची तात्पुरती परवानगी मिळवते. म्हणजे प्रमाणपत्राचा प्रश्न येथे सुटत नाही, पुढे ढकलला जातो. दोन वर्षे संपत आली की पात्रता मिळवण्याच्या मार्गाला लागावेच लागते. पगाराच्या बाबतीत समान कामासाठी भारतीय किंवा फिलिपिनो शिक्षकाला पाश्चात्त्य शिक्षकापेक्षा कमी देण्याची रीत तेथे सर्रास आहे.

कामाच्या स्वरूपातला फरक मला पगाराहूनही मोठा वाटतो. थायलंडमध्ये चाळीसएक मुलांच्या वर्गापुढे परदेशी शिक्षक पुष्कळदा एकटा उभा असतो. ज्याने कधी पाठाचे टाचण काढलेले नाही, त्याला पहिले सत्र अतिशय जड जाते आणि त्याची किंमत मुले मोजतात. जपानमध्ये सोबतच्या शिक्षकाकडे पाहून शिकता येते. ‘प्रमाणपत्र लागत नाही’ याचा अर्थ ‘तयारी लागत नाही’ असा थायलंडला जाणाऱ्याने तर मुळीच घेऊ नये. निघण्यापूर्वी गावातल्या एखाद्या शाळेत महिनाभर तास घ्यावेत.

पैशाच्या दृष्टीने पाहता जपानमध्ये सुरुवातीलाच मोठी रक्कम जवळ असावी लागते, कारण घर भाड्याने घेताना अनामतीखेरीज घरमालकाला परत न मिळणारे ‘रेइकिन’ द्यावे लागू शकते आणि पहिला पगार महिनाभराने येतो. थायलंडमध्ये कमी पैशांत बस्तान बसते, पण शिल्लकही कमी उरते.

कंबोडियात अटी सैल असल्याचे सांगून तरुणांना ओढणारे पुष्कळ आहेत. २०२२ पासून परराष्ट्र मंत्रालयाने थायलंड, कंबोडिया, म्यानमार आणि लाओसमधील बनावट नोकऱ्यांबद्दल इशारे दिले आहेत. नोकरीच्या आमिषाने गेलेल्या भारतीयांना तेथे ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपण्यात आले होते. ‘पर्यटक व्हिसावर या, पुढचे आम्ही पाहू’ असे म्हणणाऱ्याला तेथेच नकार द्यावा. दलालामार्फत जायचे असल्यास त्याची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासावी. नोंदणीकृत दलालाला ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही.

तेव्हा इंग्रजी माध्यमाची १२ वर्षे भरत असतील तर पगार थोडा कमी पडला तरी जपान निवडावा, असे मी सांगेन. ती भरत नसतील आणि दोन वर्षांत पात्रता मिळवण्याची तयारी असेल तर थायलंड योग्य आहे. जेटचे अर्ज साधारणपणे शरद ऋतूत घेतले जातात आणि निवड झालेले पुढच्या वर्षी जुलै-ऑगस्टच्या सुमारास रवाना होतात. जपानी शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, तर थायलंडमधील शाळांचे मे महिन्यात. कोणताही देश ठरला तरी पोलीस पडताळणीचा अर्ज पासपोर्ट सेवा केंद्राकडे वेळेत करावा. आणि जपानसाठी प्रत्येक शाळा-महाविद्यालयाकडून शिक्षणाच्या माध्यमाचा दाखला आताच मागून ठेवावा, कारण वीस वर्षांपूर्वीचे रजिस्टर शोधायला शाळेलाही वेळ लागतो.