कॉफी शॉपमधली प्रवेश-मुलाखत: कानाने केलेलं परीक्षण

मी श्रवणतज्ज्ञ आहे. दिवसभर लोकांचे कान तपासते, त्यामुळे कुठल्याही जागेत पाऊल टाकलं की आधी ती जागा ऐकते आणि मग बघते. लेकीला अमेरिकेतल्या ज्या विद्यापीठात जायचंय तिथल्या एका माजी विद्यार्थिनीचा ईमेल आला की शनिवारी चार वाजता कॉफी शॉपमध्ये भेटू या. घरातले सगळे लगेच प्रश्नांच्या मागे लागले: स्वतःबद्दल काय सांगशील, हेच विद्यापीठ का, पुढे काय करायचंय. मला पहिली काळजी वाटली ती जागेची. हातात अकरा दिवस होते. तेवढ्यात आम्ही चार वेळा तिथे जाऊन बसलो. हे परीक्षण त्या चार चकरांवरून लिहितेय.

ज्यांच्या घरात अशी मुलाखत पहिल्यांदाच येतेय त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतली काही विद्यापीठं अर्जदारांना भेटायचं काम माजी विद्यार्थ्यांवर सोपवतात. ते हे काम स्वयंसेवक म्हणून करतात. एमआयटीत (अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) त्यांना 'एज्युकेशनल कौन्सेलर' म्हणतात. एमआयटीच्या या मंडळींना अर्ज, गुण, निबंध यातलं काहीही दाखवलं जात नाही. म्हणजे समोर बसलेली मुलगी जे सांगेल आणि त्यांना जे ऐकू येईल, तेवढ्यावर ते अहवाल लिहितात. भेट साधारण अर्ध्या तासापासून तासाभरापर्यंत चालते. 2020 नंतर बऱ्याच भेटी व्हिडिओवर होऊ लागल्या, पण प्रत्यक्ष भेटायचं ठरलं तर जागा सार्वजनिक हवी, म्हणून कॉफी शॉप किंवा ग्रंथालय. आईवडिलांनी सोबत बसायचं नसतं.

'त्यांना जे ऐकू येईल' हे शब्द मी उगाच घातलेले नाहीत. ते का, ते पहिल्या सरावात कळलं.

मुलाखत घ्यायला मी माझ्या एका सहकारी डॉक्टरबाईंना बोलावलं होतं. लेक त्यांना तोपर्यंत कधी भेटली नव्हती. मी स्वतः मुलाखत घेतली असती तर तिचं अर्धं वाक्य मला आधीच कळलं असतं, आणि सरावाचा काही उपयोग झाला नसता. त्या दोघी काउंटरजवळच्या गोल टेबलाशी बसल्या, मी दोन टेबलं सोडून. लेकीने दोन वर्षं मातीतला ओलावा मोजायचं एक साधं उपकरण बनवलंय, ती त्याबद्दल इंग्रजीत बोलायला लागली. नेमकं 'सॉइल' म्हणायच्या वेळी मागे दूध तापवायची वाफ सुटली. बाईंना 'ऑइल' ऐकू आलं. पुढची चार-पाच मिनिटं त्या तेलाबद्दल विचारत होत्या आणि लेक ओलाव्याबद्दल सांगत होती. बाई आपल्याला तपासून बघताहेत असं लेकीला वाटलं. बाईंना वाटलं, मुलीला स्वतःच्याच प्रकल्पाची नीट माहिती नाही.

यात कुणाचीच चूक नव्हती. बोलण्यातली ताकद स्वरांमध्ये असते. अ, आ, ऑ लांबवर पोचतात. स, श, फ ही व्यंजनं मात्र उंच पट्टीतली आणि दुबळी असतात, आणि वाफेच्या नळीचा फुस्स आवाज नेमका त्याच पट्टीत पसरतो. त्यामुळे वाफ सुरू असताना शब्द पूर्ण हरवत नाही, त्याचं टोक तेवढं कापलं जातं. ऐकणारा उरलेल्या भागावरून दुसराच शब्द जुळवतो आणि आपण चुकीचं ऐकलंय हे त्याला कळतही नाही. माझ्याकडे येणारे बरेच जण हेच सांगतात, 'आवाज येतो हो, शब्द कळत नाहीत.'

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट दिसली. कॉफीच्या बिया दळायचा ग्राइंडर सुरू झाला की लेकीचा आवाज आपोआप चढायचा. गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने बोलतो. फ्रेंच डॉक्टर एतियेन लोम्बार्ड यांनी 1911 साली हे मांडलं, म्हणून त्याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. आवाज नुसता मोठा होत नाही, त्याची पट्टीही चढते. एरवी मऊ बोलणारी माझी मुलगी भांडल्यासारखी ऐकू येत होती. 'हेच विद्यापीठ का' याचं तिचं उत्तर फार मनापासूनचं आहे, पण त्या खुर्चीवर ते हट्टासारखं वाटलं. घरी येताना ती म्हणाली, "आई, मी चिडलेली नव्हते गं." मला ते माहीत होतं. शनिवारी येणाऱ्या बाईंना कसं कळणार?

म्हणून दुसऱ्या चकरीत आम्ही एकही प्रश्नोत्तर केलं नाही, फक्त टेबलं बदलत बसलो. फोनवर आवाज मोजायचं मोफत ॲप घेतलं होतं. फोनचा मीटर माझ्या दवाखान्यातल्या यंत्राइतका अचूक नसतो, पण दोन टेबलांची तुलना करायला पुरतो. दोन माणसांचं साधं बोलणं साधारण 60 डेसिबल धरतात. काउंटरजवळच्या टेबलावर ग्राइंडर चालू असताना आकडा 80 पर्यंत गेला. काचेच्या भिंतीला लागून असलेली रांग दिसायला सगळ्यात सुंदर, पण समोर काच, खाली फरशी, वर उघडा काँक्रीटचा स्लॅब. आवाज शोषणारं काहीच नाही, सगळा परत अंगावर येतो. तिथे 71. पुस्तकांच्या मांडणीशेजारच्या कोपऱ्यात, जिथे पाठीशी कापडी सोफा आहे, तिथे 63. हे सगळं त्याच दुपारी, अर्ध्या तासाच्या आत मोजलेलं.

टेबलाचा आकारही बघा. मधलं लांब सामायिक टेबल ऐसपैस वाटतं, पण समोरासमोर बसलं की दोघांत सव्वा मीटर अंतर पडतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. बंद खोलीत थोडा कमी उतरतो, पण उतरतोच. दोघांचं छोटं टेबल साठेक सेंटिमीटरचं. तिथे लेकीला आवाज चढवावा लागत नाही, आणि समोरच्या व्यक्तीला वही ठेवायला जागाही पुरते. अशी टेबलं एका पायावर उभी असतात आणि डुगडुगतात. आधी हात टेकवून बघावं.

उजेडाचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि याकडे कुणीच लक्ष देत नाही. गोंगाटात आपण सगळेच थोडंफार ओठांवरून ऐकतो, ज्यांचे कान उत्तम आहेत तेसुद्धा. तुमची पाठ खिडकीकडे असेल तर समोरच्याला तुमचा चेहरा काळोखा दिसतो, ओठ दिसत नाहीत आणि हसू तर नाहीच. म्हणून अर्जदाराने खिडकीकडे तोंड करून बसावं. उजेड डोळ्यांवर आला तरी चालेल. लेकीने दोन्ही बाजूंनी बसून फोटो काढले आणि एकमेकांशेजारी ठेवून बघितले. त्यानंतर मला काही समजवावं लागलं नाही.

आता कॉफीबद्दल, कारण परीक्षण शेवटी कॉफी शॉपचं आहे. इथली कॉफी चांगली आहे. दूध नीट तापवतात, जिभेला चटका बसत नाही, करपट वासही येत नाही. पण मुलाखतीआधी ती प्यावी का, हा प्रश्न वेगळा. कॅफीनचं रक्तातलं प्रमाण साधारण पाऊण-एक तासात सर्वाधिक होतं आणि ते निम्म्यावर यायला मोठ्या माणसाला सुमारे पाच तास लागतात. एरवी कॉफी न पिणाऱ्या लेकीने तिसऱ्या सरावाला 'वातावरणनिर्मिती' म्हणून मोठी कॅपुचिनो घेतली. विसाव्या मिनिटाला ती इतकी भरभर बोलायला लागली की बाईंनी पेन खाली ठेवलं. शिवाय फेस वरच्या ओठाला लागतो आणि पुसायला टिश्यू शोधावा लागतो. शनिवारसाठी तिने कोमट पाणी ठरवलं. घसा ओला राहतो, आणि अवघड प्रश्न आला की घोटभर पाणी पिताना विचार करायला दोन क्षण मिळतात. समोरच्या बाईंनी काही विचारलं तर 'मी पाणीच घेईन, धन्यवाद' म्हणायचं, तेवढं पुरतं.

काउंटरमागे कॉफी बनवणाऱ्या बरिस्ता मुलांचं मला मनापासून कौतुक वाटतं. चौथ्या चकरीला त्यातल्या एकाने विचारलं, तुम्ही नेमकं काय करताय? सांगितल्यावर त्याने हात पुसले आणि गर्दीचं वेळापत्रकच सांगितलं. शनिवारी साडेतीनला एक लाट येते ती चारला ओसरते, दुसरी पावणेपाचला येते. काउंटरवरच्या यंत्राचा ग्राइंडर सगळ्यात जास्त या दोन वेळांतच चालतो. अशी माहिती कुठल्याही मार्गदर्शन वर्गात मिळणार नाही. चारची वेळ उत्तम होती, फक्त बोलणं पाऊण तासाच्या पुढे लांबलं तर दुसरी लाट लागणार होती. म्हणून लेकीने महत्त्वाच्या गोष्टी आधी सांगायच्या ठरवल्या आणि मातीच्या उपकरणाला पहिल्या वीस मिनिटांत जागा दिली.

तक्रार एकच, संगीताची. दुपारी शब्द असलेली गाणी लावतात. ज्या भाषेत आपण बोलतोय त्याच भाषेतले शब्द कानावर पडत राहिले तर मेंदू ते सोडून देऊ शकत नाही. नुसतं वाद्यसंगीत किंवा पन्नास माणसांची एकत्र गुणगुण त्यामानाने सोसते. याच कारणाने शेजारच्या टेबलावर एकच माणूस फोनवर बोलत असेल तर तिथे बसू नका. त्याच्या संभाषणाची निम्मीच बाजू ऐकू येते आणि उरलेली मन आपोआप भरत बसतं.

सरावाबद्दल माझं मत असं झालंय की घरी पाठ केलेली उत्तरं इथे टिकत नाहीत, आणि ते चांगलंच आहे. मध्येच कुणीतरी खुर्ची ओढतं, कुणाचं तरी नाव पुकारलं जातं, आणि पाठ केलेलं वाक्य तुटतं. मग स्वतःच्या शब्दांत पुन्हा सुरुवात करावी लागते. चौथ्या सरावात लेकीला दोन वेळा थांबावं लागलं. दोन्ही वेळा तिने "सॉरी, आवाज होता, पुन्हा सांगते" म्हणून नव्याने सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगितलेलं दोन्ही वेळा जास्त छान होतं. प्रश्न नीट ऐकू आला नाही तर पुन्हा विचारायचा, अंदाजाने उत्तर द्यायचं नाही, हेही आम्ही मुद्दाम घोकलं. ऐकू न येणं लपवण्यात लोक किती वर्षं घालवतात ते मी रोज बघते. लेकीने सतराव्या वर्षी ते सहज विचारायला शिकावं असं मला फार वाटत होतं.

शनिवारी ती वीस मिनिटं आधी गेली. मी तिला दारात सोडलं आणि रस्ता ओलांडून दूर जाऊन बसले. आत काय बोलणं झालं ते मला फारसं माहीत नाही आणि मी खोदून विचारलंही नाही. तिने आपणहून सांगितलं ते एवढंच: बाई आल्या आणि काचेजवळच्या टेबलाकडे निघाल्या. लेक म्हणाली, "आपण त्या कोपऱ्यात बसू या का? तिथे नीट ऐकू येतं." बाई लगेच वळल्या. बसल्यावर म्हणाल्या, बरं झालं, मागच्या भेटीत मला निम्मं कळलं नव्हतं. मागच्या भेटीतला तो मुलगा किंवा मुलगी कोण होती कोण जाणे. तेव्हापासून मला तिची चुटपुट लागून राहिली आहे.

जाणार असाल तर: दोघांचं टेबल, पुस्तकांशेजारचा कोपरा, तोंड खिडकीकडे, शनिवारी चार ते पावणेपाच. गेल्या आठवड्यात त्या कोपऱ्याच्या अगदी वर नवा स्पीकर बसवलेला दिसला. मी व्यवस्थापकांशी बोलले आणि त्यांनी तो सरकवायचं कबूल केलंय. तोपर्यंत सोफ्याच्या दुसऱ्या टोकाचं टेबल घ्या. तिथे मी परवा मोजलं, 64 आलं.