बडोद्यातली एनआरआय गुंतवणूक सेवा: कागदपत्रांत पक्की, आठवणीत कच्ची
परदेशी गेलेल्या मुलांचे म्युच्युअल फंड सांभाळणारं दांडिया बाजारातलं हे ऑफिस कागदपत्रांत खरंच पक्कं आहे. आधी साधं बचत खातं एनआरओ (अनिवासींचं, भारतातल्या कमाईसाठीचं खातं) करून घेतात, मग फंडाच्या केवायसीत, म्हणजे ओळख-पडताळणीच्या नोंदीत, 'अनिवासी' नोंद. एकच बदललं की खातं आणि केवायसी जुळत नाही, व्यवहार अडकतात. अमेरिका-कॅनडावाल्यांना सगळे फंड घेत नाहीत, हेही पहिल्याच भेटीत सांगतात, फार मोलाचं. एनआरओच्या व्याजावर 30 टक्के टीडीएस (व्याज देतानाच कापला जाणारा कर), वर उपकर. दोन देशांतल्या कर-करारानुसार तो कमी करायला तिथल्या देशाचं कर-निवासी प्रमाणपत्र दरवर्षी लागतं; त्याची आठवण मात्र हे देत नाहीत, स्वतःच ठेवा. एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीचं खातं) मधले पैसे मोकळेपणी बाहेर जातात, एनआरओतून आर्थिक वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंतच. पैसे बाहेर पाठवताना लागणाऱ्या सीएच्या दाखल्याचे पैसे वेगळे पडतात, आधीच विचारून घ्या.