फ्लॉपीतलं कुलूप की पुठ्ठ्याचं चक्र?

जुन्या गेमच्या मूळ प्रती घ्यायच्यात, पण कॉपी-संरक्षण (फुकट नकला निघू नयेत म्हणून घातलेली अडचण) कुठल्या प्रकारचं असलेलं बरं, असं एका मित्राने विचारलं.

टिकाऊपणात फरक मोठा. अटारी एसटी या जुन्या घरगुती संगणकावरच्या ‘डंजन मास्टर’च्या (१९८७) फ्लॉपीवर मुद्दाम अस्थिर बिट लिहिलेत, दर वाचनात वेगळे येतात, साध्या कॉपीत उतरतच नाहीत. फ्लॉपी गेली की खेळ खलास. ‘मंकी आयलंड’ची (१९९०) फ्लॉपी खुशाल कॉपी करा. तिथे खेळासोबत आलेलं पुठ्ठ्याचं चक्र फिरवून चाच्याचा वरचा-खालचा चेहरा जुळवायचा आणि त्याला फाशी दिल्याचं साल टाइप करायचं. चक्र हरवलं तर बसा बोंबलत!

कटकट मात्र चक्राचीच जास्त, खेळ सुरू करताना दर वेळी तेच फिरवणं.

तरी नुसतं खेळायचं असेल तर चक्रवाला घ्या, चक्र स्कॅन करून ठेवा. फ्लॉपीवरचे चुंबकीय संकेत जसेच्या तसे उतरवून घेणारं क्रायोफ्लक्ससारखं यंत्र हाताशी असेल तरच फ्लॉपीतल्या कुलूपवाल्याच्या वाटेला जा.