जीएच: दुसऱ्याचा पॅच तपासायला एकदम भारी टूल

ओपन सोर्स प्रोजेक्टवर दुसऱ्यांचे पॅच (कोडमधले सुचवलेले बदल) तपासणाऱ्यांनी गिटहबचं जीएच हे कमांड लाइन टूल वापराच. २०२० मध्ये १.० आलं, फुकट आहे. पूर्वी समोरच्याच्या फोर्कचा (प्रोजेक्टच्या त्याच्या कॉपीचा) रिमोट म्हणजे पत्ता जोडा, फेच करून कोड आणा, ब्रँच (कोडची वेगळी शाखा) काढा, असं सगळं करावं लागायचं, आता जीएच पीआर चेकआउट आणि पुढे पीआरचा (पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल घ्या अशी विनंती) नंबर टाकला की कोड आपल्या मशीनवर, आणि समोरच्याने परवानगी ठेवली असेल तर छोटी दुरुस्ती करून थेट त्याच्याच ब्रँचवर पुश पण करता येते, म्हणजे वर पाठवता येते, नवीन पोरांना याचा फार आधार वाटतो.

एक अडचण आहे, पॅच पाठवणाऱ्याने रिबेस करून (कमिट म्हणजे नोंदवलेले बदल नव्याने रचून) फोर्स पुश केला, म्हणजे जुन्यावर जबरदस्तीने चढवला, की पुन्हा चेकआउट करताना आपल्या मशीनवरची जुनी ब्रँच अडते, मग कमांडला फोर्स फ्लॅग (जास्तीचा पर्याय) द्यावा लागतो आणि आपले लोकल कमिट असतील तर ते उडतात, जपून. दोन आवृत्त्यांत काय बदललं ते बघायला गिटची (कोडचा इतिहास ठेवणारं टूल) रेंज-डिफ ही कमांड, तिला तोड नाही.

सोबत गिट वर्कट्री घ्या, त्याने दुसरी ब्रँच वेगळ्या फोल्डरमध्ये उघडते, तिथेच टेस्ट चालतात, आपलं अर्धवट काम तसंच राहतं. आणि अनोळखी माणसाचा कोड कंटेनरमध्येच (बाकी मशीनपासून वेगळ्या ठेवलेल्या जागेत) चालवा, एनपीएम इन्स्टॉल ही जावास्क्रिप्टची पॅकेजेस बसवणारी कमांडसुद्धा स्क्रिप्ट चालवू शकते.