पदव्युत्तर शिक्षण: कृषी तंत्रज्ञान की अन्न तंत्रज्ञान?

दोन्ही अभ्यासक्रमांच्या माहितीपत्रकांत संशोधन, उद्योग, शाश्वत विकास हेच शब्द सापडतात, त्यामुळे ती वाचून निवड होत नाही. त्याऐवजी आधी एवढंच विचारावं: प्रयोग फसला तर पुन्हा करायला किती दिवस लागतील?

कृषी तंत्रज्ञानात याचं उत्तर बहुतेकदा ‘पुढच्या हंगामात’ असं असतं. अभ्यासक्रम दोन वर्षांचा असेल तर प्रबंधासाठी एक, फार तर दोन हंगाम हाती लागतात. ठिबकच्या पाळ्यांची चाचणी लावली आणि ऐन वाढीच्या काळात अवेळी पाऊस पडला, की आकडे कशाचे, पाण्याचे की पावसाचे, हे सांगता येत नाही. शिवाय एकाच शेताच्या एका टोकाला जमीन हलकी आणि दुसऱ्या टोकाला भारी. म्हणून वाफ्यांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी करायची आणि प्रत्येक चाचणी अनेक वाफ्यांत घ्यायची. १९१९ मध्ये इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रात रुजू झालेले संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी ही शिस्त घालून दिली. त्याच केंद्रात गव्हाचा एक प्रयोग १८४३ पासून चालू आहे, यावरून या क्षेत्राचा वेग लक्षात यावा. सेन्सर, ड्रोन, उपग्रह आले तरी सुटका नाही. पृथ्वीच्या प्रतिमा टिपणाऱ्या सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहजोडीकडून साधारण पाच दिवसांनी १० मीटर तपशिलाची प्रतिमा मिळते, पण ढग असले की ती वाया जाते. प्रतिमेत पिवळं दिसलेलं पीक पाण्याविना पिवळं पडलंय की नत्राविना, हे बघायला बांधावर जावंच लागतं.

अन्न तंत्रज्ञानात चक्र छोटं. दूध ७२ अंश सेल्सिअसवर १५ सेकंद तापवलं, मनासारखं झालं नाही, तर तापमान बदलून दुपारी पुन्हा. जिवाणूंची वाढ मोजायला एक-दोन दिवस थांबावं लागतं, इतकंच. खरी कसोटी टिकाऊपणाच्या अभ्यासात लागते. सहा महिने टिकणारा पदार्थ सहा महिने बघत बसायला वेळ नसतो, म्हणून जास्त तापमानात ठेवून अंदाज काढतात. पण त्या तापमानाला त्यातली चरबी वितळली, तर बिघाडाची प्रक्रियाच बदलते आणि हिशेब कोलमडतो. चुकीला मोजावी लागणारी किंमतही इथे वेगळी आहे. सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप) ४.६ च्या वर असलेल्या, म्हणजे कमी आंबट डबाबंद अन्नात बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू जगले, तर प्रश्न माणसाच्या जिवाचा होतो. त्यामुळे ते मारणारी १२१ अंशांची प्रक्रिया आणि तिची मिनिटामिनिटाची नोंद यांत ढिलाई चालत नाही. नोंदवह्यांचा कंटाळा असणाऱ्याने हे आधीच ओळखावं, कारण पुढे कारखान्यात गुणवत्ता विभागात गेलात, तर पाळ्या आणि लेखापरीक्षणं यांतच दिवस जातात.

अन्न तंत्रज्ञानातही दोन वाटा आहेत. अन्न विज्ञान म्हणजे रसायन आणि सूक्ष्मजीव. अन्न अभियांत्रिकी म्हणजे उष्णतेचं वहन, द्रवांचा प्रवाह, यंत्रांची मापं. गणित टाळू पाहणारे अन्न अभियांत्रिकीकडे गेले, तर पहिल्याच सत्रात गडबडतात. संख्याशास्त्र मात्र कुठेच टळत नाही.

दोन्हींच्या मधली काढणीपश्चात तंत्रज्ञानाची वाट मला सर्वांत दुर्लक्षित वाटते. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार काढणीनंतर, किरकोळ विक्रीपर्यंत पोहोचण्याआधीच, सुमारे १४ टक्के अन्न वाया जातं. तोडलेलं फळ श्वसन करत राहतं, इथिलीन या वायूने पिकतं, आणि केळ्यासारखं फळ १३ अंशांच्या खाली ठेवलं तर थंडीनेच काळवंडतं. म्हणजे वनस्पतिशास्त्रही हवं आणि शीतगृहाचं अभियांत्रिकी गणितही. ज्याला शेत सोडवत नाही, पण हंगामाची वाट बघवत नाही, त्याने इथे डोकावावं.

प्रवेशाआधी विभागातले गेल्या दोन-तीन वर्षांचे प्रबंध चाळून बघा. प्रायोगिक संयंत्र (कारखान्यातल्या यंत्रणेची छोटी आवृत्ती) खरंच चालतं का, प्रयोगाच्या शेताला हक्काचं पाणी आहे का, हे माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं की लगेच कळतं.