मारुती ८००मध्ये एस्टीमचं इंजिन, की सरळ एस्टीमच?

घरात जुनी मारुती ८०० आहे, बॉडी बऱ्यापैकी शाबूत आहे, पण चार माणसं आणि एसी घेऊन वाळकेश्वरहून मलबार हिल चढताना ती दम टाकते. मग कोणीतरी सुचवतं, एस्टीमचं, म्हणजे मारुतीच्याच जुन्या सेडानचं, १.३ लिटरचं इंजिन टाकून घे, गाडी उडेल. असा विचार डोक्यात घोळत असेल तर तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. ८००मध्ये १.३ बसवायचं, आहे तेच इंजिन खोलून नीट करून घ्यायचं, किंवा १.३ घेऊनच कारखान्यातून निघालेली गाडी शोधायची. गाडी मुंबईत रोज चालवायची असेल तर पहिली वाट धरू नये, असं माझं ठाम मत आहे. पण ती वाट मोहात का पाडते, तेही नीट समजून घ्यायला हवं.

८००चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. कार्ब्युरेटरवाल्या मॉडेलची ताकद ३७ अश्वशक्तीच्या आसपास आणि गाडीचं वजन जेमतेम साडेसहाशे किलो. एस्टीमचं इंजिन १२९८ सीसीचं, चार सिलिंडरचं. १९९९च्या सुमारास त्याला सोळा व्हॉल्व्ह आले आणि ताकद ८५ अश्वशक्तीवर गेली. एवढ्या हलक्या गाडीत दुपटीहून जास्त ताकद आली की ती वेगळीच गाडी होते. दुसऱ्या गिअरमध्येच पुलाचा चढ संपतो, ओव्हरटेक करताना एसी बंद करावा लागत नाही. ही मजा खरी आहे, आणि तिच्यापायी पैसे घालणाऱ्यांना मी वेडं म्हणणार नाही.

अडचण अशी की या सगळ्या खटाटोपात इंजिन हाच सगळ्यात सोपा भाग असतो. कुर्ल्याच्या बाजारात जुनं इंजिन मिळून जातं. दोन्ही गाड्यांत इंजिन आडवंच बसतं आणि ताकद पुढच्याच चाकांना जाते, त्यामुळे कागदावर सगळं जुळल्यासारखं वाटतं. बॉनेट उघडलं की खरं काम दिसू लागतं. इंजिन बॉडीला धरून ठेवणारी माउंटिंग नवी बनवून वेल्ड करावी लागतात. गिअरबॉक्स एस्टीमचाच घ्यायचा, म्हणजे एक्सलची लांबी जुळत नाही. मग लेथवर एक्सल कापून जोडून घेतले जातात आणि जोड जरा तिरका गेला तरी ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतं. इंजेक्शनवालं इंजिन असेल तर टाकीत जास्त दाबाचा पेट्रोल पंप, परतीची पाइपलाइन, ईसीएम (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) आणि त्याचं सगळं वायरिंग आलं. सायलेन्सरची लाइन नवी, गिअरची आणि क्लचची जोडणी नवी. गॅरेजवाला सुरुवातीला जो आकडा सांगतो तो बहुतेक वेळा इंजिन, गिअरबॉक्स आणि मजुरीचा असतो. ही बाकीची यादी त्याच्याकडून आधीच लिहून घ्या.

ब्रेकबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. गाडी थांबवताना ब्रेकला जी ऊर्जा जिरवावी लागते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट झाला की ब्रेकवरचं काम सव्वादोन पट होतं. ८००ची पुढची डिस्क बारा इंची चाकात मावेल एवढीच आहे आणि मागे ड्रम आहेत. साडेसहाशे किलोच्या, सावकाश वेग घेणाऱ्या गाडीला ते पुरतात. १.३ टाकल्यावर गाडी पुढून जड होते आणि वेगही पटकन घेते. खंडाळ्याचा घाट उतरताना सतत ब्रेक दाबत राहिलात की छोटी डिस्क तापते, पॅडची पकड जाते आणि पेडल तेवढंच दाबूनही गाडी थांबायला जास्त रस्ता घेते. म्हणून इंजिनाबरोबर मोठ्या डिस्क, ब्रेकचा बूस्टर आणि मास्टर सिलिंडर, तेरा इंची चाकं, रुंद टायर आणि पुढच्या कडक स्प्रिंगा हे सगळं आलंच. ते करायची तयारी नसेल तर इंजिनाचा विषय तिथेच सोडावा.

मुंबईत आणखी दोन गोष्टी आडव्या येतात. एक म्हणजे उष्णता. मे महिन्यात सांताक्रूझ–चेंबूर लिंक रोडवर गाडी एका जागी उभी असते तेव्हा रेडिएटरला वाऱ्याचा झोत मिळत नाही, सगळी मदार पंख्यावर असते. ८००चा रेडिएटर तीन सिलिंडरच्या मापाचा आहे. मोठा बसवायला जागा शोधावी लागते, आणि एसीचा कंडेन्सरही त्याच जागेवर हक्क सांगत असतो.

दुसरी गोष्ट गंज. समुद्राच्या हवेत वर्षानुवर्षं उघड्यावर उभी राहिलेली गाडी वरून चकचकीत रंगवलेली असली तरी आतून पोखरलेली असू शकते. बॉनेट उघडा आणि पुढच्या शॉकअब्सॉर्बरचं वरचं टोक जिथे बॉडीला बसतं तो भाग शोधा. त्याच्या भोवतीच्या पत्र्यावर रंग फुगलेला आहे का पाहा आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. पत्रा टणक लागला तर ठीक. टोक आत गेलं किंवा पापुद्रे सुटले, तर त्या बॉडीला ३७ अश्वशक्तीसुद्धा जास्तच होते. नव्या इंजिनाचा सगळा धक्का त्याच पत्र्यावर येणार आहे.

आता कागद. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार कंपनीने दिलेला जो तपशील आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, नोंदलेला आहे त्याच्याशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. सीएनजी किंवा बॅटरीचं मान्यताप्राप्त किट बसवण्याची सोय कायद्यात आहे. खराब इंजिनाच्या जागी त्याच जातीचं दुसरं टाकून आरटीओत नोंद करून घेता येते. ७९६च्या जागी १२९८ हा मात्र वेगळा मामला आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा बेकायदा बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

दंडाहून मला विम्याची काळजी जास्त वाटते. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता सीसीवर ठरतो. २०२२मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे १००० सीसीपर्यंतच्या गाडीला वर्षाला २,०९४ रुपये आणि १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये. म्हणजे हप्ता भरायचा छोट्या गाडीचा आणि रस्त्यावर आणायची वरच्या गटातली. अपघातात कोणी जखमी झालं तर विमा कंपनी नेमकं याच गोष्टीवर बोट ठेवेल, आणि भरपाईचा बोजा तुमच्या घरावर येऊ शकतो. शिवाय शेवटची ८०० जानेवारी २०१४मध्ये कारखान्यातून निघाली. म्हणजे आज रस्त्यावर असलेल्या बहुतेक ८०० पंधरा वर्षांच्या पुढे गेल्यात किंवा त्या उंबरठ्यावर आहेत. आरसीचं नूतनीकरण करायला ताडदेव, अंधेरी, वडाळा, कुठेही गेलात तरी चेसिस आणि इंजिन नंबर ताडून पाहिले जातात.

दुसऱ्या वाटेला लोक फार लवकर नाही म्हणतात. गाडी ओढत नाही याचा अर्थ इंजिन छोटं आहे असाच घेतला जातो, पण बऱ्याचदा ते थकलेलं असतं. आधी साध्या तपासण्या करा. गाडी मोकळ्या जागी उभी करून हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडायला हवं. फिरतच राहिलं तर क्लच प्लेट घसरतेय. एकेक चाक जॅकवर उचलून, पुढच्या चाकांसाठी गिअर न्यूट्रलला ठेवून, हाताने फिरवा. जड फिरलं तर ब्रेक धरून बसलाय. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. इंजिन गरम करायचं, तिन्ही प्लग काढायचे, स्पार्कची जोडणी सोडवायची, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजवर लिहून घ्यायचा. एखादा सिलिंडर बराच खाली दिसला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत दाब घ्या. आकडा वर चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. मेकॅनिक हे तुमच्या डोळ्यांसमोर करत असेल तर त्याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. रिंगा, व्हॉल्व्ह, क्लच आणि कार्ब्युरेटर नीट झालेली ८०० शहरात पुरेशी चपळ असते, आणि कागदावर काहीच बदललेलं नसतं. महामार्गावर ती मागेच राहणार, हे मात्र मान्य करूनच हा खर्च करावा.

तिसऱ्या वाटेचा दाखला मारुतीनेच देऊन ठेवलाय. १९९०मध्ये मारुती १००० आली. ९७० सीसी, ४६ अश्वशक्ती, आणि एवढ्या सेडानला ती ताकद कमी पडते ही तक्रार तिच्या पाठीशी कायम राहिली. १९९४मध्ये जवळपास त्याच बॉडीत १.३ घालून एस्टीम आली. म्हणजे तुम्ही गॅरेजमध्ये जे करू पाहताय ते कंपनीने केलं, पण ते अशा बॉडीत, जी सुझुकीने परदेशात मोठ्या इंजिनांसह आधीपासून विकली होती. मारुतीच्या जिप्सी या जीपच्या बाबतीतही पुढे ९७०च्या जागी हेच १.३ आलं. त्यामुळे कोणी मारुती १००० किंवा जुन्या जिप्सीत १.३ टाकायचं म्हणत असेल तर यांत्रिक बाजू मला पटते, कारण माउंटिंगपासून ब्रेकपर्यंत कंपनीचे भाग आहेत. आरसीची अडचण तिथेही तीच. आणि ८०० फक्त बंदिस्त ट्रॅकवर, ट्रेलरवरून नेऊन पळवायची असेल तर खुशाल १.३ टाका, रोल केज (गाडी उलटली तर आतल्याला वाचवणारा लोखंडी सांगाडा) आणि ब्रेकसकट.

मुंबईत रोज फिरून महिन्यातून एकदा पुणे किंवा नाशिक गाठायचं असेल तर मी नीट ठेवलेली एस्टीम घेईन. एस्टीम २००७मध्ये बंद झाली, त्यामुळे चांगला नग शोधायला वेळ लागतो. तेवढा धीर नसेल तर १.३ पेट्रोलची जुनी स्विफ्ट बघावी. बघायला दिवसा उजेडी जा. मॅट उचलून फ्लोअरचा पत्रा हाताने चाचपा, गार इंजिन स्वतः सुरू करा, मागे निळा धूर येतो का पाहा. शेवटी ब्लॉकवरचा इंजिन नंबर कापडाने पुसून आरसीशी एकेक आकडा जुळवा. जुळला नाही तर बयाणा देऊ नका.