तारण म्हणून खरेदीखत मागितलं तर सही करू नका

आंब्याचा हंगाम तोंडावर आलाय. फवारणीच्या पैशांसाठी घरोघरी पुन्हा तीच धावपळ सुरू होईल, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

बाबांनी ओळखीतल्या एकाकडून 3 लाख घेतले. पीककर्ज थकलेलं, दुकानदार औषध उधार देईना. हा माणूस गोड बोलला. "काका, गहाणखत कशाला? सातबाऱ्यावर उगाच बोजा दिसतो. नावापुरतं खरेदीखत करू, पैसे आले की परत फिरवून देतो." तसं 500 च्या स्टँपवर लिहूनही दिलं. पहिल्या महिन्याचं 3 टक्के व्याज हातात पैसे देतानाच कापलं. दुय्यम निबंधकांकडे बाबा कॅमेऱ्यासमोर बसले, अंगठा दिला, मोबदला पूर्ण मिळाला का विचारल्यावर 'हो' म्हणाले. तसंच सांगायचं, हे आधी पढवलेलं होतं. दस्तात एक ओळ होती : 'मिळकतीचा कब्जा आजरोजी दिला आहे.' प्रत्यक्षात बाग आमच्याच ताब्यात, राखणीचा गुरखाही आमचाच.

पुढे तलाठ्याकडून फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याची, नोटीस आली. हरकत घ्यायची ती तेव्हाच. "ते नियमाचं असतं काका, येतच असतं," इति सावकार. नंतर मुद्दल घेऊन गेलो तर म्हणे, कसलं कर्ज? बाग मी विकत घेतली आहे.

हे सगळं ऐकून गुरख्याला काही नवल वाटलं नाही. तो नेपाळच्या दाङ जिल्ह्यातला. माओवादी युद्धाच्या आदल्या वर्षी त्याच्या वडिलांनी साहूकडून, म्हणजे तिकडच्या सावकाराकडून, 5 हजार घेतले होते, तमसुकावर (कर्जरोख्यावर) मात्र 15 हजार लिहिलेले. वाचता येत नव्हतं, अंगठा उठवला. 13 फेब्रुवारी 1996 ला युद्ध सुरू झालं तेव्हा गोरखा जिल्ह्यात च्याङ्लीला कृषी विकास बँकेच्या लहान शेतकऱ्यांच्या कर्ज कार्यालयावर हल्ला करून कागद जाळले. ते ऐकून त्याच्या गावातले कर्जदार मनातून सुखावले. पण वडिलांचं तमसुक साहूच्या पेटीत होतं, आणि साहू पेटीसकट नेपाळगंजला निघून गेला. 2006 ला युद्ध संपलं, तोवर सुमारे 17 हजार माणसं मेली होती. साहू परत आला. कागद शाबूत, वर दहा वर्षांचं व्याज.

आपल्याकडेही 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद ओढून काढून जाळले होते. अमेरिकेतल्या यादवीने चढलेला कापसाचा भाव ती संपताच कोसळला, कर्ज तेवढं राहिलं. आता तर तीही सोय नाही, दस्त सरकारी संगणकात असतो!

आता कामाचं. परत फिरवून देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल, तर कायदा त्याला गहाण मानत नाही. वेगळ्या स्टँपवरचं वचन तिथे लंगडं पडतं. आमच्या वकिलांनी ते पाहून नुसती मान हलवली. पैसे घ्यायचेच तर गहाणखतच करा, बोजा दिसला तर दिसू दे. समोरच्याकडे सावकारीचा परवाना आहे का, हे सहकार खात्याच्या सहाय्यक निबंधकांच्या कार्यालयात विचारा. विचारल्यावर तो चिडला तर उत्तर मिळालंच म्हणून समजा. आणि व्याज कधीही रोखीने देऊ नका.

आम्हाला थोडाफार आधार मिळाला तो याच शेवटच्या गोष्टीचा. माझी बहीण दरमहा फोनवरून पैसे पाठवायची आणि सवयीने खाली 'व्याज' असं टाकायची. जमीन विकत घेणारा माणूस विकणाऱ्याकडून महिन्याला व्याज कसलं घेतो, याचं उत्तर त्याला देता येत नाहीये. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. व्यवहार सावकारीतला ठरला तर ते खरेदीखत रद्दबातल ठरवून जमीन परत देण्याचा आदेश काढू शकतात. अर्जाला मुदत आहे, घरातल्या घरात भांडत वर्षं घालवू नका.

आमची सुनावणी चालू आहे. मागच्या तारखेला तो आलाच नाही, त्याने वकील पाठवून पुढची तारीख घेतली.